काच चढवण्याआधी गच्ची पाहा : संकुलाच्या व्यवस्थापन समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
कार्यालय संकुल व्यवस्थापन समिती

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात संकुलाच्या फाटकाशी एक मोठे रंगीत चित्र लागले. त्यात आपली इमारत खालपासून वरपर्यंत निळसर काचेची दाखवली आहे, काचेत ढग दिसतात आणि कडेने पोलादाच्या चकचकीत पट्ट्या आहेत. ज्या खिडक्या आम्ही रोज सकाळी उघडतो त्या चित्रात नाहीत, छज्जे नाहीत, जिन्याच्या जाळ्याही नाहीत. दर्शनी भागाच्या नूतनीकरणाचा ठराव समितीने संमत केला असून काम लवकरच सुरू होणार आहे, हे आम्हा गाळेधारकांना त्या चित्राखालच्या दोन ओळींतून समजले. चौकशी केल्यावर कार्यालयात अंदाजपत्रकाची प्रत पाहायला मिळाली. ती मी दोन दिवस बसून वाचली आणि त्यानंतर गप्प राहणे मला शक्य झाले नाही. याआधी मी समितीला दोन पत्रे दिली. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून हे तिसरे पत्र उघडपणे लिहीत आहे. या इमारतीत ज्यांना रोज काम करायचे आहे त्या सर्वांनी ते वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

माझा संबंध काय, ते आधी सांगते. तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेच्या बाजूला माझे छोटे कार्यालय आहे आणि तिथे मी एकवीस वर्षे बसते. जुन्या इमारतींची मोजमापे घेऊन त्यांचे नकाशे तयार करणे हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे भिंत, तुळई, छज्जा यांच्याकडे पाहण्याची सवय हाडीमाशी खिळलेली आहे. माझ्या खिडकीबाहेर काँक्रीटच्या चार उभ्या पट्ट्या आहेत. ज्याने कोणी ही इमारत आखली त्याला हे नेमके ठाऊक होते की पश्चिमेचे ऊन खालून तिरके येते आणि आडवा छज्जा त्याला अडवू शकत नाही. म्हणून पूर्वेला-पश्चिमेला उभ्या पट्ट्या आणि ऊन वरून येते त्या बाजूला खोल छज्जे, अशी त्याने विभागणी केली. दुपारी तीननंतर त्या पट्ट्यांच्या सावल्या माझ्या टेबलावर उतरतात आणि घड्याळाच्या काट्यासारख्या हळूहळू सरकत राहतात. एकवीस वर्षांत मला पश्चिमेच्या खिडकीला पडदा लावावा लागलेला नाही. नव्या आराखड्यात या पट्ट्या कापून काढायच्या आहेत.

इमारत वाईट दिसते, हे समितीचे म्हणणे मला मान्य आहे. भिंतींवर काळे ओघळ आहेत, ठिकठिकाणी वेगवेगळ्या रंगांचे डाग आहेत, वातानुकूलन यंत्रांचे बाहेरचे डबे जागा मिळेल तिथे टांगले आहेत आणि त्यांच्या नळ्या-तारांचे जाळे सगळ्या दर्शनी भागावर पसरले आहे. गेल्या काही वर्षांत अनेक गाळे रिकामे झाले, हेही खरे. परंतु ते का रिकामे झाले, हे समितीने जाणाऱ्यांना विचारले आहे का? माझ्या शेजारचे दोघे सोडून गेले. एकाच्या छतातून सलग तीन पावसाळे पाणी गळत होते. दुसऱ्याच्या आईला लिफ्ट बंद असल्यामुळे तीन मजले चढता येत नव्हते आणि ती त्याच्या कार्यालयात कधीच येऊ शकली नाही. इमारतीला काच नाही म्हणून जात आहे, असे त्या दोघांपैकी कोणीही म्हटले नव्हते.

माझी सर्वांत मोठी तक्रार इथूनच सुरू होते. अंदाजपत्रकात काच, चौकटी, पत्रे, दर्शनी दिवे आणि प्रवेशद्वाराची कमान यांना कित्येक पाने दिली आहेत. गच्चीची जलरोधक प्रक्रिया, सांडपाण्याचे उभे नळ, गंजलेल्या सळ्या, विजेचे जुने फलक आणि लिफ्ट यांच्यासाठी मिळून एकच ओळ आहे : 'किरकोळ दुरुस्त्या'. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे याला आपल्याकडे म्हणतात. पाचव्या मजल्यावर लिफ्टसमोरच्या मार्गिकेत रंगाची एक रिकामी बादली ठेवलेली असते, ती कुणीही जाऊन पाहावी. पावसाळ्यात ती दिवसातून दोनदा रिकामी करावी लागते. चौथ्या मजल्यावर जिन्याच्या वळणाशी छताचा गिलावा हातभर पडला आहे आणि आतली सळई उघडी दिसते. मी तिच्यावर नख फिरवले तेव्हा गंजाचे पापुद्रे हातात आले, पातळ, एकावर एक चिकटलेले.

हा गंज म्हणजे नुसता डाग नव्हे, हे समितीतील अभियंता सदस्यांना सांगण्याची गरज नाही. इतर वाचकांसाठी थोडक्यात लिहिते. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असते आणि त्या गुणामुळेच त्याच्यातली सळई सुरक्षित राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत जातो, तसा तो गुण कमी होतो. मग ओल पोहोचली की सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो भोवतालचे काँक्रीट आतून फोडतो. आपल्या इमारतीत हे सर्वांत जास्त कुठे झाले असणार? स्लॅबच्या बाहेरच्या कडांना, कारण ऊन, पाऊस आणि तुंबलेल्या नळांचे पाणी तिथेच मुरत आले आहे. आणि काचेची नवी पडदाभिंत, म्हणजे इमारतीचे वजन न पेलता नुसती बाहेरून टांगलेली भिंत, बसवण्यासाठी ब्रॅकेट नेमके याच कडांना ठोकायचे आहेत. सहा मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन चौरस मीटरला १५ किलो होते. दुहेरी काच घेतली तर ३० किलो, चौकटींचे वजन वेगळे. त्याहून मोठा प्रश्न वाऱ्याचा आहे. वारा काचेला आत ढकलतो, तसाच इमारतीच्या कोपऱ्यांवर तो तिला बाहेरही ओढतो, आणि ती ओढ सगळी त्या बोल्टांवर येते. कडांचे काँक्रीट किती उरले आहे, हे तपासल्याचा एकही कागद मला दाखवण्यात आला नाही. संपूर्ण संरचनेची तपासणी झाली आहे का, असे मी पहिल्या पत्रात विचारले होते. तोच प्रश्न आज सर्वांसमोर पुन्हा विचारते.

एकदा काच चढली की या कडा दिसेनाशा होतील, ही गोष्ट मला अधिक भीतिदायक वाटते. आज गिलावा फुगला तर खालून जाणाऱ्याला दिसतो. ओल आली तर भिंत काळी पडते आणि निदान कोणीतरी तक्रार करतो. काचेमागे हेच सगळे चालू राहील आणि कोणाच्या दृष्टीस पडणार नाही. न्यूयॉर्कमधले लीव्हर हाउस १९५२ साली उभे राहिले, काचेच्या पडदाभिंतीच्या आरंभीच्या इमारतींपैकी ते एक, आणि माझ्या मते त्यातले सर्वांत देखणे. त्याच्याही चौकटींमागे पाणी शिरले, आतले पोलाद गंजले, काचा तडकत गेल्या आणि जवळजवळ पन्नास वर्षांनी संपूर्ण दर्शनी भाग उतरवून नवा बसवावा लागला. उत्तम रचनाकारांनी नव्याने बांधलेल्या इमारतीची ही कथा आहे. आपण तर आधीच ओल धरलेल्या इमारतीला बाहेरून झाकणार आहोत.

दुसरी तक्रार उष्णतेची आहे. हा अंदाज नाही. आपण स्वतःच त्याचा प्रयोग केला आहे. समितीने दुसऱ्या मजल्यावर पश्चिमेच्या बाजूला तीन खिडक्यांच्या जागी नव्या काचेचा नमुना बसवला, हे चांगले केले. त्या नमुन्यामागे एका लहान कार्यालयातल्या तिघी जणी बसतात. पहिल्या आठवड्यात त्यांनी टेबले भिंतीकडे सरकवली. दुसऱ्या आठवड्यात काचेवर आतून खाकी पुठ्ठे चिकटवले, खोकी उलगडून, कडेने तपकिरी चिकटपट्टी लावून. मी गेले तेव्हा दुपारचे चार वाजले होते, पुठ्ठ्यांच्या फटीतून उन्हाची एक रेघ संगणकाच्या पडद्यावर पडली होती आणि दिवसाढवळ्या खोलीतले सगळे दिवे चालू होते. पुठ्ठ्याला हात लावला तर तो तापलेला होता. समितीच्या अहवालात मात्र 'नमुना समाधानकारक' असे लिहिले आहे. तो नमुना बाहेरून पाहून तसे लिहिले असावे, असे मला वाटते.

याचा हिशेब साधा आहे. निरभ्र दिवशी दुपारच्या तिरक्या उन्हात पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला ६०० वॉटच्या आसपास ऊर्जा पडू शकते. साधी पारदर्शक काच त्यातली सुमारे ८० टक्के उष्णता आत येऊ देते. म्हणजे १० चौरस मीटर काच असलेल्या खोलीत हजार वॉटचे जवळजवळ पाच हीटर लावून ठेवल्यासारखे होते, आणि मग ती उष्णता बाहेर काढण्यासाठी वातानुकूलन यंत्रे चालवायची. लेप दिलेली चांगली दुहेरी काच हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आणू शकते. परंतु अंदाजपत्रकात काचेचा फक्त रंग आणि जाडी लिहिली आहे. ती किती उष्णता आत सोडते आणि किती उजेड आत सोडते, हे दोन आकडे कुठेच नाहीत. हे आकडे नसतील तर काचेची खरेदी केवळ रंगावरून होणार. गडद काच घेऊन ऊन कमी करू, असे कोणी म्हणेल. पण गडद काच उजेडही तेवढाच अडवते आणि स्वतः तापून शेजारी बसणाऱ्याला भाजत राहते. आतून पडदा लावला तरी उष्णता तोपर्यंत काचेच्या आत आलेलीच असते. ऊन अडवायचे तर ते काचेच्या बाहेर अडवले पाहिजे, आणि ते काम करणाऱ्या पट्ट्या आपल्याकडे आज उभ्या आहेत.

ही चूक करणारे आपण पहिलेच असू असेही नाही. पॅरिसमध्ये ल कोर्बुझिए यांनी बेघरांच्या आश्रयासाठी बांधलेल्या इमारतीला १९३३ साली उघडता न येणारी काचेची मोठी भिंत लावली. आतली हवा यंत्राने थंड करण्याची त्यांची कल्पना होती, ती पैशांअभावी पूर्ण झाली नाही. उन्हाळ्यात आतल्या माणसांना राहणे अशक्य झाले, तिथे उघडणाऱ्या खिडक्या बसवाव्या लागल्या आणि युद्धानंतर त्या भिंतीवर बाहेरून सूर्यरोधक पट्ट्या आल्या. विसाव्या शतकातल्या इतक्या मोठ्या रचनाकाराला जे पुढे जोडावे लागले, ते आपण आपल्या हाताने कापून टाकायला निघालो आहोत. लंडनमध्ये २० फेनचर्च स्ट्रीट या उंच इमारतीच्या आत वळलेल्या काचेने २०१३ साली ऊन एकवटून खालच्या रस्त्यावर फेकले आणि तिथे उभ्या केलेल्या एका मोटारीचे भाग वितळले. पुढच्या वर्षी तिच्यावर उन्हाचा पडदा चढवावा लागला. आपली भिंत सपाट आहे, त्यामुळे इतके टोकाचे काही घडणार नाही, हे मी मान्य करते. पण समोरच्या इमारतीतल्या लोकांच्या डोळ्यांवर सकाळी आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर संध्याकाळी ही चकाकी रोज पडणार आहे, आणि त्यांना कोणीही विचारलेले नाही.

उघडणाऱ्या खिडक्यांबद्दल वेगळे लिहावे लागते, कारण चर्चेत त्यांना फार हलके घेतले जाते. नव्या आराखड्यात संपूर्ण दर्शनी भागात एकही तावदान उघडत नाही. आज वीज गेली तर आम्ही खिडक्या सताड उघडतो आणि काम चालू ठेवतो. उद्या वीज गेली तर त्या बंद काचेमागे अर्ध्या तासात बसणे कठीण होईल. ज्यांना यंत्राची थंड हवा सोसत नाही, ज्यांना खोकल्याचा किंवा दम्याचा त्रास आहे, त्यांच्यासाठी उघडता येणारी खिडकी ही चैन नाही. माझ्या खिडकीची पितळी कडी इतकी वापरली गेली आहे की तिच्या मधल्या भागाचा नक्षीदार उंचवटा पूर्ण झिजून गुळगुळीत झाला आहे. मी येण्याच्याही आधीपासून कितीतरी हातांनी ती रोज फिरवली आहे.

आगीबद्दल जे लिहायचे आहे ते मी शक्य तितक्या शांतपणे लिहिते. फाटकावरच्या चित्रात 'काच आणि पोलाद' असे शब्द आहेत, पण अंदाजपत्रकात पोलाद फारच थोडे आहे. चौकटी अॅल्युमिनियमच्या आहेत आणि मजल्यांच्या सांध्यांवर, खांबांवर व कमानीवर अॅल्युमिनियमचे संयुक्त पत्रे लावायचे आहेत. या पत्र्यांना दोन्हीकडून धातूचा पातळ पापुद्रा असतो आणि मध्ये गाभा. तो गाभा कशाचा, यावर सगळे अवलंबून असते. लंडनचा ग्रेनफेल टॉवर ही १९७४ सालची चोवीस मजली निवासी इमारत. तिचे नूतनीकरण होऊन २०१६ साली तिच्यावर असेच नवे पत्रे चढले, त्यांचा गाभा पॉलिथिलीन या जळणाऱ्या प्लॅस्टिकचा होता. १४ जून २०१७ च्या रात्री एका घरातल्या स्वयंपाकघरात लागलेली आग त्या पत्र्यांवरून बाहेरच्या बाहेर वर चढली आणि ७२ माणसे मृत्युमुखी पडली. ती इमारत नव्याने सजवली गेली होती, ही गोष्ट मला विसरता येत नाही. आपल्या अंदाजपत्रकात पत्र्याची छटा आणि चकाकी यांची नोंद आहे. गाभ्याचा उल्लेखही नाही.

शिवाय पडदाभिंत स्लॅबच्या बाहेरून टांगलेली असते, त्यामुळे प्रत्येक मजल्याची कड आणि काच यांच्यामध्ये फट राहते. ती फट खनिज लोकरीने दाबून भरावी लागते आणि वरून धूररोधक लेपाने बंद करावी लागते. हे केले नाही तर तळापासून गच्चीपर्यंत एक धुरांडेच तयार होते. या कामाचीही स्वतंत्र नोंद मला सापडली नाही. आज आपल्या मार्गिकांच्या टोकांना आणि जिन्यांना जाळ्या आहेत, तिथून धूर आपोआप बाहेर जातो. जाळ्या बंद करून काच लावायची असेल तर धूर ओढून काढणारी यंत्रणा हवी, जिन्यात दाबाने हवा सोडण्याची सोय हवी, अग्निशमन दलाला बाहेरून आत येण्यासाठी ठरावीक ठिकाणी उघडणारी तावदाने हवीत. मी अंदाजपत्रकाची पाने उलटसुलट तपासली. यातले काहीही तिथे नाही.

काच पडण्याची भीती अतिरंजित आहे, असे एका सदस्याने मला तोंडी सांगितले. बॉस्टनच्या जॉन हॅनकॉक टॉवरच्या काचा १९७३ साली, बांधकाम चालू असतानाच, वाऱ्यात निखळून पडू लागल्या आणि शेवटी त्याची सर्वच्या सर्व १०,३४४ तावदाने बदलावी लागली. दुहेरी काचेच्या कडेचा सांधा इतका ताठ होता की तो हालचाल सोसू शकला नाही. हालचाल तर प्रत्येक दर्शनी भागात होतेच : तापमानात ५० अंशांचा फरक पडला की अॅल्युमिनियमची १० मीटरची पट्टी ११ मिलिमीटरहून अधिक वाढते आणि काच तिच्या निम्म्याहूनही कमी. ती हालचाल सामावणारे सांधे आणि सीलंट, म्हणजे सांधे बुजवणारा लवचीक लेप, कायमचे टिकत नाहीत. कडक केलेल्या काचेत निकेल सल्फाइडचा डोळ्यांना न दिसणारा कण राहिला असेल तर ती काच कित्येक महिन्यांनी अचानक आपोआप फुटू शकते. म्हणून ती बसवण्याआधी भट्टीत तापवून तिची परीक्षा घेतात आणि माणसे जिथून ये-जा करतात तिथे थर चिकटवलेली काच वापरतात, म्हणजे फुटली तरी ती तुकड्यांनी खाली येत नाही. आपल्या पोर्चसमोर लोक रोज गाडीची वाट पाहत उभे असतात. त्यांच्या डोक्यावर कोणती काच येणार आहे, हे विचारणे अतिरंजित कसे?

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. आजची प्रत्येक खिडकी आतून उघडून पुसता येते. नवी काच पुसण्यासाठी कोणाला तरी गच्चीवरून दोराने खाली सोडावे लागेल, दर काही महिन्यांनी, वर्षानुवर्षे. त्या माणसाचा दोर कशाला बांधायचा, याची एकही पक्की कडी आराखड्यात दाखवलेली नाही. दुसरी गोष्ट पक्ष्यांची. नमुन्याच्या काचेखाली एका सकाळी एक लहान हिरवट पक्षी मरून पडला होता. पहारेकऱ्याने त्याला कागदावर घेऊन कुंडीजवळ ठेवले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला तो ती काच दाखवत होता, जिच्यात समोरचे झाड जसेच्या तसे दिसत होते. एकट्या अमेरिकेत इमारतींवर आदळून दरवर्षी ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी पक्षी मरतात, असा २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. यावर उपाय आहे, आणि तो अवघडही नाही. न्यूयॉर्कच्या जेविट्स सभागृहाने नूतनीकरणात ठिपके उमटवलेली काच बसवल्यावर तिथले पक्ष्यांचे मृत्यू सुमारे ९० टक्क्यांनी घटले.

मी काचेच्या विरोधात आहे, असा कोणाचा समज होऊ नये. मागच्या बाजूला, जिथे थेट ऊन फारसे येत नाही, तिथल्या कोंदट जिन्याला मोठी काच लाभली तर मला आनंदच होईल. प्रवेशद्वाराचा अंधारा भाग पोलाद आणि काचेने मोकळा करता येईल. जुन्या इमारतीला काच लावूनही ती माणसांना राहण्याजोगी ठेवता येते, हे पॅरिसच्या बुआ-ल-प्रेत्र या जुन्या निवासी मनोऱ्यावर २०११ साली दिसले. तिथे बाहेरून सरकत्या काचेच्या गॅलऱ्या जोडल्या, त्या उघडतात, त्यांच्यामागे सावलीचे पडदे आहेत, आणि काम चालू असताना रहिवाशांना घरे सोडावी लागली नाहीत. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ सालची. तिच्या नूतनीकरणात ६,५१४ खिडक्या इमारतीतच उतरवून, त्याच जुन्या काचा जवळजवळ सगळ्या वापरून, मध्ये विशेष पटल घालून पुन्हा बसवल्या गेल्या. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच बदललेले दिसले नाही, पण खिडक्या, शीतयंत्रे आणि इतर सुधारणा मिळून ऊर्जेचा वापर ३८ टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. आपल्या खिडक्यांच्या चौकटी सागवानी आहेत आणि बहुतेक अजून सरळ आहेत. त्या भंगारात देऊन ज्या अॅल्युमिनियमच्या चौकटी आणायच्या, त्यांच्यासाठी खनिजापासून एक किलो धातू काढायला सुमारे १४ युनिट वीज लागते. हा खर्च आपल्या अंदाजपत्रकात येत नाही म्हणून तो नाहीच, असे होत नाही.

आता समितीकडे माझ्या मागण्या मांडते. संपूर्ण संरचनेची तपासणी स्वतंत्र अभियंत्याकडून करून घ्यावी, विशेषतः स्लॅबच्या कडांची, आणि तो अहवाल प्रत्येक गाळेधारकाला द्यावा; तोपर्यंत दर्शनी भागाचा कार्यादेश काढू नये. गच्ची, नळ, सळ्या, विजेचे फलक आणि लिफ्ट यांची कामे पहिल्या टप्प्यात घ्यावीत. ती पूर्ण होऊन एक पावसाळा कोरडा गेल्यावरच दर्शनी भागाला हात लावावा. उभ्या पट्ट्या आणि छज्जे कापू नयेत. जिथे ते खराब झाले असतील तिथे दुरुस्त करावेत. प्रत्येक गाळ्यात हाताने उघडता येणारी खिडकी असावी, ही अट आराखड्यात लेखी घालावी.

जिथे नवी काच लागेल तिथे ती किती उष्णता आणि किती उजेड आत सोडते हे आकडे, तापवून घेतलेल्या परीक्षेचा दाखला आणि ये-जा असलेल्या जागी थर चिकटवलेली काच, ही तिन्ही निविदेत यावीत. जळणाऱ्या गाभ्याचा एकही पत्रा इमारतीवर येऊ नये, आणि प्रत्येक मजल्याच्या कडेची फट बंद केल्याची तपासणी काच लागण्याआधी, म्हणजे ती दिसत असताना, व्हावी. काचेवर ठिपके किंवा रेषा असाव्यात. सफाई कामगारांच्या दोरांसाठी गच्चीवर पक्क्या कड्या बसवून त्यांची चाचणी घ्यावी. पुढच्या पंचवीस वर्षांत साफसफाई, सीलंट आणि काचबदल यांवर किती खर्च येईल, हे अंदाजपत्रकाला जोडावे. आज फक्त पहिल्या दिवसाचा खर्च लिहिला आहे आणि बाकीचा आमच्या मासिक देखभाल शुल्कात पुढे हळूहळू येत राहील.

कामाच्या काळात परांची किती महिने राहील, कोणत्या बाजूला कधी असेल, धूळ आणि आवाज यांची वेळ काय, याचे वेळापत्रक आधी मिळावे. ज्यांचा व्यवसाय दिवसाच्या उजेडावर चालतो अशा आमच्यासारख्यांना ते फार आवश्यक आहे. आणि हा सगळा विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घेऊन गाळेधारकांचे मत नोंदवून मगच ठरावाची अंमलबजावणी करावी.

यातील एखादी मागणी तांत्रिकदृष्ट्या चुकीची असेल तर तसे कारणांसह सांगावे. मी ती मागे घेईन. मी स्वतः पाचव्या मजल्यापासून तळापर्यंत सर्व मार्गिकांची मोजमापे घेऊन ओल आणि तडे दाखवणारा नकाशा काढायला सुरुवात केली आहे. तो समितीला विनामूल्य देईन. पश्चिम आणि पूर्व बाजू पूर्ण झाल्या आहेत, उरलेल्या दोन बाजू पंधरा दिवसांत होतील.

सभेच्या आधी एक विनंती आहे. समितीच्या सदस्यांनी कोणत्याही निरभ्र दिवशी दुपारी चार वाजता दुसऱ्या मजल्यावरच्या त्या नमुन्यामागे येऊन अर्धा तास बसावे. तिथल्या तिघींशी मी बोलले आहे. त्या अर्ध्या तासापुरते पुठ्ठे काढून ठेवायला त्या तयार आहेत.

कळावे.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरील एक गाळेधारक